टॅरोचा संच पारखायचा तर दुर्री-तिर्रीपासून सुरुवात करा

टॅरो म्हणजे प्रश्नाचं उत्तर किंवा भविष्य वाचायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. नवा टॅरो संच हातात आला की बहुतेक जण आधी फूल (म्हणजे मूर्ख), लव्हर्स, मून, डेथ हे पत्ते शोधतात. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून जाहिरातीत तेच चार-पाच पत्ते दिसतात. मी उलटं करायला सांगते. 78 पत्त्यांमधले 22 मेजर, म्हणजे वरच्यासारखे नाव असलेले मोठे पत्ते, बाजूला काढा. पेज, नाइट, क्वीन, किंग असे 16 दरबारी पत्तेही बाजूला ठेवा. वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वॉर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) या चार रंगांचे एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे जे 40 साधे पत्ते उरतील, ते टेबलावर ओळीनं मांडा. संचाचा कस तिथे लागतो.

मी सदाशिव पेठेतल्या एका ऑफसेट छापखान्यात रंगविभागात काम केलं आहे. लग्नपत्रिकांपासून चित्रप्रदर्शनांच्या कॅटलॉगपर्यंत सगळ्याची प्रूफं तपासली. शिवाय मी पत्ते वाचते, त्यामुळे संच पिसताना, मांडताना हाताला काय खटकतं तेही रोज कळतं. संच घेण्याआधी मैत्रिणी विचारायला येतात तेव्हा त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

40 पत्त्यांवर माझा एवढा भर का? मेजर पत्त्यांना गोष्ट तयार मिळते. मनोऱ्यावर वीज पडते, सिंहाच्या जबड्यावर बाईचा हात असतो. बरा चित्रकार त्यातून काहीतरी देखणं काढतोच. पण पेंटॅकल्सची सत्ती किंवा वाँड्सची दुर्री काढायची तर त्याला स्वतः विचार करावा लागतो. ज्यानं तो केलेला नसतो, तो एक सुंदर चेहरा काढतो आणि बाजूला सात नाणी टाकून मोकळा होतो. असा संच वाचायला घेतला की आठवड्याभरात कंटाळा येतो, कारण मांडणीत निम्म्याहून अधिक वेळा हेच पत्ते येतात.

हे काम खरोखर कसं करायचं ते चित्रकार पामेला कोलमन स्मिथनं दाखवून दिलं. 1909 मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनानं लेखक ए. ई. वेट यांचा संच काढला, त्याची सगळी चित्रं तिची. तोवर अंकांच्या पत्त्यांवर बहुधा नुसती चिन्हं असत, पाच पेले म्हणजे पाच पेले. पंधराव्या शतकाच्या अखेरचा इटलीतला सोला बुस्का हा संच ठळक अपवाद. त्याची छायाचित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये होती, आणि पामेलाची स्वॉर्ड्सची तिर्री, हृदयात घुसलेल्या तीन तलवारी, तिथल्या पत्त्याशी इतकी जुळते की तिनं ती पाहिली असणार असंच वाटतं. लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींत तिचा वावर होता. माणूस कुठे उभा करायचा, त्याची पाठ प्रेक्षकाकडे कधी वळवायची, हे तिला नाटकातून कळलेलं होतं. कप्सची पंजी बघा. काळ्या झग्यातला माणूस समोर सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतो आहे, मागे दोन पेले उभे आहेत, दूर पूल दिसतो आहे. पत्त्यावर एक अक्षर नसतं तरी कळलं असतं.

म्हणून पहिली परीक्षा: पत्त्याचं नाव अंगठ्यानं झाका आणि टॅरो अजिबात माहीत नसलेल्या कुणाला तरी विचारा, 'इथे काय चाललंय?' उत्तर पुस्तकातल्या अर्थाशी जुळायची गरज नाही. पण काहीतरी चाललंय असं त्याला वाटलं पाहिजे. 'छान आहे', 'रंग मस्त आहेत' एवढंच आलं, आणि हे सलग चार-पाच पत्त्यांवर झालं, तर तो संच भिंतीवर लावायला ठीक, वाचायला नाही.

ही परीक्षा सगळ्यांना सरसकट लावू नका. मार्सेय या जुन्या फ्रेंच परंपरेतल्या संचांत, उदाहरणार्थ निकोला कॉन्व्हेरच्या 1760 च्या, अंकांच्या पत्त्यांवर चिन्हंच असतात. तिथे तलवारींची वळणं, मधल्या वेलबुट्टीची मांडणी, लाकडी ठशाच्या रेषेतला जोम बघायचा. फ्रीडा हॅरिसनं 1938 ते 1943 मध्ये रंगवलेल्या थॉथ संचात अंकांच्या पत्त्यांवर माणसं जवळपास नाहीत, सगळा अर्थ रंगात आणि भूमितीत आहे. त्याच्या छपाईत एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा पट्ट्यापट्ट्यांनी तुटली, तर चित्राचा जीवच गेला.

दुसरी परीक्षा मोजण्याची. अठ्ठीत आठच वाँड्स आहेत ना? हसू नका, मोजा. आता यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, चित्रं करवून घेतलेले संच खूप येतात. तिथे दश्शीत अकरा तलवारी किंवा नऊच पेले सहज सापडतात. मोजून झालं की कुठलीही एक वस्तू धरून तिच्यामागे जा. तलवारीच्या मुठीपासून टोकापर्यंत, बाहीतून पंजापर्यंत, घोड्याच्या लगामापासून स्वाराच्या बोटांपर्यंत. हातानं काढलेल्या चित्रात, अगदी साध्या चित्रकाराच्याही, वस्तू कुठून तरी सुरू होते आणि कुठेतरी पोचते. यंत्राच्या चित्रात ती वाटेत वितळते, लगाम अयाळीत शिरतो, कपड्यावरची नक्षी मध्येच चिखल होते. मग उजेड बघा. चेहऱ्यावर डावीकडून आणि झाडावर उजवीकडून प्रकाश असेल, तर तुकडे जोडलेले आहेत.

खोक्यावर चित्रकाराचं नाव आहे का, हे मी फार गांभीर्यानं बघते. पामेलानं 1909 च्या नोव्हेंबरात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला कळवलं होतं की फार थोड्या पैशांत एक मोठं काम नुकतंच पुरं केलंय. पुढे तो संच प्रकाशक आणि लेखकाच्या नावानं 'रायडर-वेट' म्हणून जगभर गेला. 1951 मध्ये ती कॉर्नवॉलमध्ये वारली. पत्त्यांच्या कोपऱ्यात तिनं आपल्या आद्याक्षरांची गुंफलेली खूण मात्र ठेवली. चांगल्या आवृत्तीत ती खूण स्वच्छ वाचता येते, वाईट आवृत्तीत ती डाग होते किंवा कातरीखाली जाते. आजही चित्रकाराचं नाव कुठेच नसलेला संच मी घेत नाही.

आता छपाई. पामेलाची मूळ चित्रं कुठे आहेत याचा पत्ता लागलेला नाही. म्हणजे आज बाजारात असलेली प्रत्येक रायडर-वेट आवृत्ती जुन्या छापील पत्त्यांवरून किंवा त्यांच्या पुनर्रेखाटनावरून केलेली आहे, आणि म्हणूनच आवृत्त्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. यूएस गेम्स या अमेरिकन प्रकाशकाच्या पिवळ्या खोक्यातल्या संचात पिवळा-निळा भडक आहे. युनिव्हर्सल वेटमध्ये मेरी हॅन्सन-रॉबर्ट्सनं तेच रेखाटन मऊ छटांनी पुन्हा रंगवलं. 2009 च्या स्मिथ-वेट सेंटेनियलमध्ये जुन्या छपाईचे उतरलेले रंग ठेवले आहेत. तिन्ही अस्सल. माझी आवड शेवटच्याकडे, कारण त्यात रेषेला श्वास घ्यायला जागा आहे, पण संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली वाचणाऱ्या मैत्रिणीला तो फिका वाटतो. तिनं भडकच घ्यावा.

आवृत्ती कुठलीही असो, दोन पत्ते काढा. पेंटॅकल्सच्या नव्वीत बागेतल्या बाईच्या पायाशी जमिनीवर एक छोटी गोगलगाय आहे. ती गोगलगाय वाटते की मातीचं ढेकूळ? स्वॉर्ड्सच्या छक्कीत होडीच्या एका बाजूला पाण्यावर तरंग आहेत, दुसरीकडे पाणी शांत. अडचणीतून निवांतपणाकडे जाणं त्या रेषांवरच उभं आहे. त्या भरून सपाट निळा झाला असेल, तर रंग भरणाऱ्यानं पत्ता वाचलाच नाही.

मग भिंग घ्या. छापखान्यात आम्ही दहापट मोठं दाखवणारं वापरतो. ते नसेल तर मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा चालेल. ऑफसेट छपाईत निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत पडतात आणि त्यांची बारीक फुलं दिसतात. हे नैसर्गिक आहे. बघायचं ते पत्त्याच्या नावाचं अक्षर. अस्सल संचात ते नुसत्या काळ्या शाईचं, भरीव आणि कडेला धारदार असतं. अक्षरच रंगीत ठिपक्यांचं बनलेलं असेल, तर बहुधा कुणीतरी छापील पत्ता स्कॅन करून पुन्हा छापला आहे. अशा नकलेत आकाशात, भिंतीवर, मोठ्या सपाट रंगात जाळीसारख्या लाटाही दिसतात, कारण जुने ठिपके आणि नवे ठिपके एकमेकांत अडकतात. रेषेच्या एका कडेला गुलाबी किंवा निळी किनार दिसली तर रजिस्टर हललेलं आहे, म्हणजे चार शाया एकमेकींवर नेमक्या बसलेल्या नाहीत. एका मोठ्या शीटवर पुष्कळ पत्ते एकत्र छापतात, म्हणून एकाच पत्त्यावर निकाल देऊ नका. गठ्ठ्याच्या वेगवेगळ्या भागांतले सहा-सात तपासा.

जुन्या इटालियन संचांच्या प्रतिकृती आवडत असतील तर एक गंमतीची जागा सांगते. पंधराव्या शतकातल्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचाचे 74 पत्ते उरले आहेत, काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, बाकीचे बेर्गामोत. डेव्हिल, टॉवर, स्वॉर्ड्सची तिर्री आणि नाण्यांचा नाइट हे चार सापडत नाहीत. 78 पत्त्यांच्या प्रतिकृतीत हे चार कुणीतरी नव्यानं काढलेले असतात. ते बाकीच्यांच्या शेजारी ठेवा. चेहऱ्याची ठेवण, सोन्याच्या वर्खावरची ठोक्यांची नक्षी जुळत असेल तर प्रकाशकानं जीव ओतला आहे.

कागदाबद्दल विक्रेते जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आकडा फेकतात. 300 ते 350 जीएसएम नेहमीचा, पण हा आकडा वजनाचा आहे, ताठपणाचा नाही. पत्ता उभा धरून हलका वाकवा आणि सोडा. लगेच सरळ झाला पाहिजे, मध्ये पांढरी घडी पडता कामा नये. मग मोबाइलचा टॉर्च मागे धरा. चांगल्या पत्त्याच्या कागदात दोन थरांमध्ये गडद रंगाचा थर असतो, त्यातून चित्र आरपार दिसत नाही. आपल्याकडे पावसाळ्याचा विचार करायलाच हवा. एकाच बाजूला लॅमिनेशन असेल तर दुसऱ्या बाजूनं कागद दमट हवा शोषतो आणि जुलैपर्यंत पत्ता पापडासारखा वळतो. दोन्ही बाजूंचा मुलामा सारखा हवा. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी हे अगदी आधी बघावं.

मुलाम्यात चकचकीत ग्लॉस मला नको वाटतो. ट्यूबलाइटखाली निम्मा पत्ता पांढरा दिसतो. मॅट सुंदर दिसतो, पण गडद पत्त्यांवर बोटांचे ठसे आणि ओरखडे राहतात. लिनन फिनिशच्या बारीक खळग्यांमुळे पत्ते छान सरकतात, मात्र नाजूक रेघांचं चित्र त्यात थोडं मरतं. सोनेरी कडा सुरुवातीला एकमेकींना चिकटतात. एकेक पत्ता सोडवून घ्या, आणि सोनं बोटांना लागतंय का बघा.

कापणी तपासायला गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करा आणि चारही कोपरे बघा. गोलाई एकसारखी हवी. कडेवरून नख फिरवा, कागदाचं कुसळ लागलं तर डायची, म्हणजे कापायच्या साच्याची, धार गेलेली होती. पाठ न विसरता बघा. उलटे पत्ते वाचत असाल तर पाठीची नक्षी 180 अंशांत फिरवली तरी तशीच दिसायला हवी. एखाद्या पत्त्याची किनार एका बाजूला जाड पडली असेल, तर पिसताना तो पत्ता पाठीवरूनच ओळखू येतो. मग वाचन निष्पक्ष राहत नाही. नेहमीचा आकार साधारण 70 बाय 120 मिलिमीटर. हात लहान असेल तर असा संच आडवा धरून पिसावा लागतो, आधी कुणाचा तरी संच हातात घेऊन बघा.

खोकं आणि पुस्तिका यांवर मी वेळ घालवत नाही. खोकं पहिल्याच महिन्यात कपाटात जातं. फक्त काही शे रुपयांत मिळणारा परदेशी नावाचा संच असेल, आत पुस्तिकेऐवजी नुसता क्यूआर कोड असेल, खोक्यावर प्रकाशकाचा पत्ता नसेल आणि पत्ते मूळ मापापेक्षा लहान असतील, तर ती नक्कल आहे. त्यातला एक रुपयाही चित्रकाराला जात नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: कुठल्याही पंजीचा सरळ फोटो, त्याच पत्त्याच्या नावाचा जवळून फोटो आणि गठ्ठ्याच्या कडेचा फोटो. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघा. पार्सल आलं की व्हिडिओ चालू ठेवून उघडा, त्याच दिवशी चार रंगांचे चार आणि मेजरचा एक असे ढीग करून 78 मोजा आणि एखादा पत्ता दोनदा आलेला नाही ना ते बघा. भिंगाची आणि टॉर्चची तपासणी परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका, आणि तोवर पत्ते पिसू नका. कडा मळलेला संच कुणी परत घेत नाही.