मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी करताना घर आणि अभ्यास कसा सांभाळावा

गर्भाशय काढायचे असो, हृदयाची झडप बदलायची असो किंवा खुब्याचा सांधा बदलायचा असो, आधी ठरवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या हाती बहुधा काही आठवडे असतात. घर चालवत बी.एड., एम.ए. किंवा मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या व्यक्तीचे हे आठवडे अनेकदा एका चुकीच्या आशेवर निघून जातात, ती म्हणजे ‘ऑपरेशननंतर घरी पडूनच राहायचे आहे, तेव्हा अभ्यास होईल’. तो होत नाही. वेदनाशामक औषधांची गुंगी, तुटक झोप, थकवा आणि भेटायला येणाऱ्यांची वर्दळ यांमुळे सुरुवातीचे दोन आठवडे तरी वाचलेले फारसे लक्षात राहत नाही. अभ्यासाचा खरा वेळ शस्त्रक्रियेच्या आधीचा आहे आणि नंतरचा काळ शरीर भरून येण्याचा आहे, हे धरूनच सगळे नियोजन करावे.

आधी विचारा: किती थांबता येईल?

सर्जनना तारीख विचारण्याआधी ‘शस्त्रक्रिया किती दिवस पुढे नेली तर चालेल?’ असे विचारावे. कर्करोगासारख्या आजारात उत्तर ‘थांबू नका’ असेच येईल आणि तेव्हा परीक्षेने निमूटपणे मागे सरावे. थांबण्यास मुभा असेल, तर परीक्षेचे वेळापत्रक आणि घराचे कॅलेंडर एकाच कागदावर मांडावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी सत्रात होतात, तर इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) सत्राअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. शस्त्रक्रिया आणि पहिला पेपर यांत किमान दोन महिन्यांचे अंतर राहील, अशी तारीख शोधावी.

नागपूरकरांनी याच कागदावर ऋतूही लिहावा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, घराघरांत कूलर चालतात आणि ते भरण्यासाठी रोज पाण्याच्या बादल्या उचलाव्या लागतात. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड वस्तू उचलायची नसते आणि पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंची असते. उन्हाळ्यातील तारीख मिळाली, तर कूलरला पाइप जोडून घेण्याचे काम आधीच उरकावे. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पुस्तके आणि गणवेश यांचीही धावपळ असते. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरले, की विधान भवन आणि सीताबर्डी परिसरातील वाहतूक वळवली जाते, त्यामुळे त्या दिवसांत रुग्णालयात किंवा परीक्षा केंद्रावर जायचे असल्यास हाताशी जास्त वेळ ठेवावा.

महाविद्यालयाला लेखी कळवा

तोंडी सांगितलेले ऐनवेळी उपयोगी पडत नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरताच सर्जनच्या पत्राची प्रत जोडून विभागप्रमुखांकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. उपस्थिती, प्रात्यक्षिके आणि अंतर्गत मूल्यमापन यांचे काय होईल, हे त्यात स्पष्ट विचारावे. हाताची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया असेल, तर लेखनिकाची मागणीही त्याच वेळी नोंदवावी. स्वाध्याय आणि प्रकल्प शस्त्रक्रियेपूर्वी जमा करावेत, कारण ते आपल्या सोयीच्या वेळी पूर्ण करता येतात, पेपर मात्र येत नाही.

एखादा विषय सोडावा लागला, तर तो आताच आणि विचारपूर्वक सोडावा. इग्नूची तीन वर्षांची पदवी पूर्ण करण्यास सहा वर्षांपर्यंत मुदत असते, म्हणजे एक सत्र हुकल्याने शिक्षण बुडत नाही. घरातील माणसे ‘आता कशाला ते शिक्षण’ असे म्हणू लागतात, ती नेमकी हीच वेळ असते. तेव्हा ही मुदत त्यांना कागदावर दाखवावी.

शरीराची तयारी रोजच्या कामात बसवा

भूलपूर्व तपासणीत भूलतज्ज्ञांना सर्व औषधांची यादी दाखवावी. आयुर्वेदिक काढे आणि ‘साध्या’ वाटणाऱ्या गोळ्याही तीत लिहाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे कधी थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतात. मधुमेहाच्या काही गोळ्या तर शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधीपासून बंद कराव्या लागतात. यांतील कोणताही निर्णय स्वतःच्या मनाने घेऊ नये.

रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल, तर ते लोहाच्या गोळ्यांनी वाढण्यास काही आठवडे लागतात, म्हणून तपासणी लवकर करावी. गोळी घेण्याच्या आधी-नंतर तासभर चहा टाळावा आणि लिंबू किंवा संत्र्याचा रस घ्यावा, म्हणजे लोह चांगले शोषले जाते.

आपल्या भागात खर्रा (तंबाखू आणि सुपारीचे मिश्रण) खाणारे पुष्कळ आहेत, त्यात स्त्रियाही आहेत, आणि भूलतज्ज्ञांपुढे हे सांगायला लोक लाजतात. कृपया लाजू नये. तंबाखूतील निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम सावकाश भरते. शिवाय वर्षानुवर्षे सुपारी खाल्ल्याने तोंड पुरेसे उघडत नसेल, तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण होते आणि त्याची तयारी भूलतज्ज्ञांना आधीपासून करावी लागते. खर्रा, बिडी, सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडावी.

डॉक्टरांनी मना केले नसेल, तर रोज चालावे आणि फुप्फुसांच्या व्यायामाचे तीन छोट्या चेंडूंचे यंत्र दिले असल्यास ते अभ्यासाच्या टेबलावरच ठेवावे. एक प्रकरण संपले, की सांगितले असेल तितक्या वेळा दीर्घ श्वास घ्यावा. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

घराची रंगीत तालीम घ्या

शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी, निदान दोन-तीन दिवस, आपण घरात असूनही कामात हात घालू नये. नळ किती वाजता येतो, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी कोणती, व्हॅनवाल्यांचा नंबर कुठे आहे, मुलाला डब्यात काय चालत नाही, हे प्रश्न तालमीतच निघतात. जे जे विचारले जाईल ते एका वहीत लिहून वही स्वयंपाकघरात ठेवावी. पोळ्या करणाऱ्या बाईंना आणि डबेवाल्यांना आधी सांगून ठेवावे. पोळी जाड झाली तरी त्या दिवसांत टीका करू नये, कारण एकदा टोकले की मदतीचा हात मागे जातो.

मुलांपासून आजार लपवू नये. लहान मुलाला ‘आई पाच-सहा दिवस दवाखान्यात असेल आणि नंतर काही दिवस तुला उचलून घेणार नाही’ एवढे साध्या शब्दांत सांगावे. घरात दहावी-बारावीचे मूल असेल, तर त्याच्यावर घराचा भार टाकू नये. त्यासाठी मावशीला किंवा आत्याला बोलवावे.

पैसा आणि रक्त

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनिसांना) भरती होण्याआधीच भेटावे, कारण उपचाराची पूर्वमंजुरी लागते. रक्त लागणार असेल, तर दाते आधी ठरवावेत. दात्याचे वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5 असावे लागते. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असल्याने शिबिरे घटतात, तेव्हा ही तजवीज अधिक महत्त्वाची ठरते.

आदल्या दिवशी आणि नंतर

सर्वसाधारणपणे हलके जेवण सहा तास आणि तळलेले किंवा जड अन्न आठ तास आधी थांबवतात, परंतु आपल्या रुग्णालयाने दिलेली वेळच अंतिम मानावी. पुस्तके सोबत नेऊ नयेत, जुन्या अहवालांची फाइल न्यावी.

घरी आल्यावर ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा. गुंगीची औषधे थांबल्यावर व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे ऐकून अभ्यासाला सुरुवात करावी आणि मग वीस-वीस मिनिटांचे वाचन वाढवत न्यावे. दुचाकी डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत चालवू नये. टाके काढायला जाल, त्याच भेटीत रुग्णालयात भरती झाल्याची आणि तिथून घरी सोडल्याची तारीख तसेच विश्रांतीचा कालावधी लिहिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्याची एक प्रत त्याच आठवड्यात महाविद्यालयात पोहोचवावी.