चित्र-शिल्प पाहायला शिकताना: आधी माध्यम, मग शैली

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे एक प्रसिद्ध चित्र आहे. ज्योत विझू नये म्हणून तिने दुसरा हात आडोशाला धरला आहे आणि त्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड तिच्या चेहऱ्यावर पसरला आहे. हे चित्र राजा रविवर्म्याचे आहे आणि ते तैलरंगात आहे, असे ठामपणे सांगणारे लोक आजही भेटतात. प्रत्यक्षात ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभे करून १९४५-४६ च्या सुमारास काढले आणि ते जलरंगात आहे. चित्रकाराच्या नावाची गल्लत एका वाक्यात दुरुस्त करता येते. माध्यमाची गल्लत मात्र पाहणाऱ्याचेच नुकसान करते, कारण तैलरंगात उजेड वरून लावता येतो, तर पारदर्शक जलरंगात तो कागद कोरा ठेवून राखावा लागतो. हे ठाऊक नसेल तर त्या चित्रातील खरी करामत डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

म्हणूनच कला पाहायला शिकू इच्छिणाऱ्याने संप्रदायांची आणि वादांची (म्हणजे ‘इझम’ची) नावे पाठ करण्यापूर्वी साहित्याची ओळख करून घ्यावी, असे माझे मत आहे. कलाकृतीसमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय’ हा नसावा. ‘हे कशाचे केले आहे आणि त्या पदार्थाने हाताला काय करू दिले असेल’ हा असावा. संगीत, नृत्य आणि नाट्य यांचा विचार येथे केलेला नाही. चित्र, भित्तिचित्र, शिल्प आणि छापचित्र एवढीच या मार्गदर्शनाची मर्यादा आहे.

जलरंगापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तो शाळेत प्रत्येकाने हाताळलेला असतो आणि बहुतेकांनी चुकीचा हाताळलेला असतो. जाडसर चित्रकलेचा कागद, एक मऊ ब्रश आणि पिवळा, तांबडा व तपकिरी असे तीनच रंग घ्यावेत. कागदावर पणतीची ज्योत पेन्सिलीने अगदी हलकी आखावी, तिचा मधला भाग पूर्ण कोरा सोडावा, भोवती भरपूर पाण्यातला फिकट पिवळा वॉश, म्हणजे पातळ सलग हात, द्यावा आणि तो वाळल्यावर बाहेरच्या बाजूने तांबूस व शेवटी तपकिरी छटा चढवत जावे. पांढरा रंग वापरायचा नाही, एवढा एकच नियम पाळावा. तपकिरी रंगाचा एखादा ओघळ ज्योतीत शिरला की तो ओल्या ब्रशने पुसायचा प्रयत्न करून पाहावा. कागदाची लव उठते, जागा मळकट होते आणि गेलेला उजेड परत येत नाही. हा अर्ध्या तासाचा अनुभव घेतल्यावर हळदणकरांच्या किंवा कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांच्या जलरंगातील चित्रांसमोर उभे राहावे. रंग कोठे लावला आहे यापेक्षा तो कोठे लावलेला नाही, हे आपोआप दिसू लागते.

जलरंगाचा दुसरा प्रकार अपारदर्शक असतो. पोस्टर कलर हे त्याचे घरगुती रूप, आणि राजस्थानी, पहाडी किंवा दख्खनी लघुचित्रे हे त्याचे वैभव. तेथे फिकट रंग गडद रंगावर बसवता येतो, त्यामुळे वस्त्रावरची बुट्टी किंवा गळ्यातील मोती शेवटी वरून ठिपक्यांनी घालता येतात. लघुचित्र हातात धरून पाहण्यासाठी केलेले असते. संग्रहालयात काचेच्या शक्य तितके जवळ जावे.

तैलरंगात रंगद्रव्य जवसाच्या तेलात घोटलेले असते. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते, आणि या संथपणातच माध्यमाचे सारे सामर्थ्य आहे. कालचा गाल आज ओठांच्या रंगात मिसळता येतो, चुकलेला भाग खरवडून काढता येतो आणि वाळलेल्या थरावर पातळ, पारदर्शक थर देऊन रेशमाला आतून झळाळी आणता येते. रविवर्म्याच्या नायिकांच्या शालूची जर आणि त्वचेची मऊ छटा या माध्यमामुळे शक्य झाली. तैलचित्र समोरून पाहून झाले की किंचित बाजूला सरकून तिरक्या नजरेने पाहावे. दागिन्यांवर रंगाचा उठाव जाणवतो, सावलीचा भाग मात्र बहुधा पातळ असतो. ॲक्रिलिक हा पाण्यात मिसळणारा, पण वाळल्यावर प्लॅस्टिकसारखा पक्का होणारा रंग विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आला. तो काही मिनिटांत सुकतो, म्हणून त्याच्या कडा अनेकदा ठाशीव दिसतात.

भित्तिचित्राचा विषय निघाला की मराठी माणूस अजिंठ्याचे नाव घेतो, आणि पुढच्याच वाक्यात त्याला ‘फ्रेस्को’ म्हणतो. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला जातो आणि गिलावा सुकताना रंग त्यात कायमचा बांधला जातो. अजिंठ्यात तसे नाही. तेथे बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर भाताची तुसे आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग लावले. तांबडी आणि पिवळी गेरूची माती, हिरवी माती, काजळी आणि चुना यांसारखे हे रंग बहुतांशी आसपासचेच होते. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, दूर अफगाणिस्तानातील बदख्शानकडून आलेला. त्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात हाती कमळ घेतलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे राहिल्यावर निळा रंग मुद्दाम शोधावा. तो कोणाच्या वाट्याला आला आहे, हे पाहण्यासारखे असते. अजिंठ्याला जाणाऱ्यांना एक व्यवहाराची सूचना अशी, की बाहेरच्या उन्हातून आत शिरताच भिंतीकडे पाहू नये. दारालगत थांबून पाच मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत. घाईने आत-बाहेर करणाऱ्या सहलींना तपकिरी भिंतींपलीकडे फारसे काही दिसत नाही आणि मग ‘फोटोतच बरी होती’ असा शेरा ऐकू येतो.

त्याच मातीच्या भिंतीचे दुसरे टोक डहाणू, तलासरी, जव्हारच्या वारली पाड्यांवर सापडते. शेणाने सारवलेल्या किंवा गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी लापशी आणि टोक ठेचून ब्रशासारखी केलेली बांबूची काडी, एवढ्यावर ही चित्रे काढली जात. लग्नाचा चौक आणि त्यातील पालघाट देवी सवाशिणींनी काढायची, असा रिवाज होता. काडीने छायाप्रकाश दाखवता येत नाही. रेघ साधारण एकाच जाडीची उमटते. त्यामुळे माणसाचे धड दोन त्रिकोणांचे झाले, डोके वर्तुळाचे झाले आणि चित्राचा सारा जीव हालचालीत, तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचाच्या वळणदार साखळीत उतरला. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागद-कापडावर आणून जगापुढे नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज बाजारात मिळणाऱ्या कीचेनवरची वारली आकृती ओळखीची वाटते, परंतु तिच्यात बहुधा दोन त्रिकोण शिल्लक असतात आणि कमरेतला झोक गेलेला असतो. खऱ्या-खोट्याची परीक्षा तेथे करावी.

शिल्पाच्या बाबतीत तीन क्रियापदे ध्यानात ठेवली की निम्मे काम होते: कोरणे, घडवणे आणि ओतणे. कोरताना पदार्थ काढून टाकला जातो, घडवताना तो भरला जातो, आणि ओतताना साच्यातून त्याचे रूप दुसऱ्या पदार्थात उतरते. ही तफावत हाताला कळावी म्हणून अंघोळीच्या साबणाची एक वडी आणि तेवढाच शाडूच्या मातीचा गोळा घ्यावा, आणि दोन्हींतून एकच बसलेला बैल करून पाहावा. शाडूत शिंग लहान झाले तर चिमूटभर माती लावून भागते. साबणात मात्र शिंगाची जागा पहिल्या कापापूर्वीच राखून ठेवावी लागते. चाकू घसरला की शिंग गेले, आणि मग बैलाऐवजी म्हैस किंवा मेंढी यावर समाधान मानावे लागते. गणपतीच्या दिवसांत शाडूशी खेळलेल्या मुलांना घडवणे आधीच ठाऊक असते, कोरणे ठाऊक नसते.

एवढा प्रयोग करून वेरूळला जावे. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगरात वरून खाली कोरत आणले गेले. आधी कळस, मग भिंती, मग हत्ती, मग अंगणाची जमीन, असा उलटा क्रम होता. पायाड बांधून वर चढत जाण्याचा प्रश्नच नव्हता. मागील बाजूस कडा सुमारे शंभर फूट खोल कापलेला आहे. तेथे उभे राहून जे बाहेर काढून टाकले त्याचा विचार करावा, कारण शिल्लक राहिलेले मंदिर हा त्या डोंगराचा न तोडलेला भाग आहे. हे कळल्यावर त्याला ‘बांधलेले मंदिर’ म्हणण्याची चूक होत नाही.

घडवण्याच्या कौशल्याचा नमुना म्हणून गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’चे नाव घ्यावे लागते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी हा पूर्णाकृती पुतळा प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये साकारला आणि १८९६ च्या सुमारास त्याची मोठी वाहवा झाली. ओल्या मातीत बोटांनी केलेली नऊवारीची चुणी प्लॅस्टरमध्ये जशीच्या तशी उतरते, म्हणून तेथे वस्त्राच्या पडण्याकडे लक्ष द्यावे. ब्राँझची गोष्ट आणखी वेगळी. अश्वारूढ पुतळा दगडात करायचा तर घोड्याच्या पोटाखाली खांब किंवा झाडाचा बुंधा असा काहीतरी टेकू ठेवावा लागतो, कारण बारीक पायांवर एवढे वजन दगड पेलत नाही. पोकळ ओतलेल्या ब्राँझला असा टेकू लागत नाही. विनायक पांडुरंग करमरकर यांनी केलेला, १९२८ मध्ये पुण्यात बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहताना आधी घोड्याच्या पायांमधील मोकळी जागा पाहावी आणि मग स्वाराकडे वळावे. अलिबागजवळच्या सासवणे गावी करमरकरांच्या घरातच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. त्यांनी सिमेंटमध्येही शिल्पे केली, आणि इमारतीच्या कामातला हा रूक्ष पदार्थ त्यांच्या हातात किती मऊ होतो हे पाहिल्यावर ‘उच्च’ आणि ‘हलके’ साहित्य असा भेद करण्याचा मोह राहत नाही.

छापचित्राविषयी आपल्याकडे अकारण तुच्छता आहे, कारण छापलेले म्हणजे नकली असा समज असतो. चित्रकाराने स्वतः लाकूड कोरून, तांब्याचा पत्रा आम्लाने खोदून किंवा चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने रेखाटून काढलेला ठसा हा मूळ कलाकृतीच असतो. त्याच्याखाली पेन्सिलीने ३/२० अशी नोंद दिसली, तर वीस प्रतींपैकी ही तिसरी असे समजावे. शिळाछापाचे तत्त्व साधे आहे: तेल आणि पाणी एकमेकांना दूर ठेवतात, म्हणून ओल्या शिळेवर शाई फक्त खडूच्या रेघेवर धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे याच पद्धतीने घरोघरी पोहोचली. ही मात्र मूळ तैलचित्रांची छापील रूपे होती, आणि हा फरक नजरेआड करू नये.

आता शैली. माध्यमाने काय शक्य होते ते कळले, की शैली म्हणजे त्या शक्यतांपैकी कलावंताने काय निवडले आणि काय नाकारले, असा प्रश्न उरतो. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत समोरचे जसे दिसते तसे उतरवण्याचे यथार्थदर्शी शिक्षण मिळे, आणि महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्यांनी त्यात प्रभुत्व मिळवले. १९४७ मध्ये मुंबईत चित्रकार सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, तो या वळणाला कंटाळून. पण गट एक असला तरी शैली एक नव्हती: गोव्यात जन्मलेल्या सूझाची काळी, ओरबाडणारी रेघ आणि रझांचा पुढच्या काळातील शांत बिंदू शेजारी ठेवले तर हे चटकन पटते. वासुदेव गायतोंडे यांनी तर तैलरंगाचा वर सांगितलेला संथपणाच वेगळ्या कामी लावला. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरण्याच्या बोथट सुरीने) थरावर थर देत, काही काढून टाकत त्यांनी अशी पृष्ठे तयार केली, की जिच्यावर बोट ठेवावे अशी वस्तूच तेथे नाही. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना पसंत नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा अर्थ त्यांना जवळचा वाटे. त्यांच्या चित्रात डोंगर किंवा समुद्र शोधू नये. खालचा थर कोठे डोकावतो, ते शोधावे.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी मुंबईचा काळा घोडा परिसर सर्वांत सोयीचा आहे, कारण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर कलादालन एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. सातारा जिल्ह्यात औंधचे श्री भवानी संग्रहालय आहे. तेथील संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेल्या त्या संग्रहात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे एक शिल्पही आहे, तरी तेथे फारशी गर्दी नसते. एका भेटीत सगळी दालने पुरी करण्याचा हट्ट धरू नये. पाच कलाकृती निवडाव्यात आणि प्रत्येकीसमोर दहा मिनिटे थांबावे: आधी दुरून, मग हाताच्या अंतरावरून, मग बाजूने. तोपर्यंत खालची पाटी वाचू नये. माध्यम कोणते असावे, याचा अंदाज वहीत लिहावा, आणि मगच पाटीवरची ती ओळ पाहावी. अंदाज चुकला असेल तर पुढे सरकू नये, त्याच चित्रासमोर आणखी पाच मिनिटे उभे राहावे.