हेल्मेट आणि अपघाताचा क्लेम : या चुका टाळा

"डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आता कसला क्लेम!" धुळे-जळगाव पट्ट्यात अपघातानंतर हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते चूक आहे, आणि त्यापायी माणसं हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे. ते नसेल तर कलम १९४डी प्रमाणे १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. पण दंड वेगळा, भरपाई वेगळी. ट्रकने मागून ठोकलं आणि मांडीचं हाड मोडलं, तर हेल्मेटचा संबंध येतोच कुठे? दुचाकीवर तिघे होते म्हणून भरपाईतून १० टक्के कापले गेले होते, त्या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं : नियम मोडला एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही, त्या मोडण्याचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. डोक्यालाच मार असेल तर मात्र विमा कंपनीचा वकील हेल्मेटवर बोट ठेवणार, आणि थोडीफार कपात होऊ शकते. थोडीफार. दावा बुडत नाही.

माझा खरा राग दुसऱ्या चुकीवर आहे : दवाखान्यात खोटं सांगणं. पारोळा-एरंडोल रस्त्यावर रात्री कापसाने भरलेल्या ट्रॉलीला, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, एक तरुण धडकला. चुलतभावाने त्याला दवाखान्यात नेलं आणि पोलिसांची झंझट नको म्हणून सांगितलं, "गाडी स्लिप झाली." केस पेपरवर तेच उतरलं. फिर्याद बारा दिवसांनी. पुढे विमा कंपनीच्या वकिलाने तो कागद पुढे केला आणि विचारलं, ट्रॉली आली कुठून? त्यात पोराने हेल्मेट घातलेलं होतं! डाव्या कानावर तडा गेलेला, दवाखान्यात काढताना पट्टा कात्रीने कापलेला, म्हणजे पट्टा लावलेला होता याचा आयता पुरावा. घरच्यांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. शेवटी मिळेल त्यात तडजोड झाली.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो : डॉक्टरांना गाडीचा प्रकार आणि नंबर सांगा, केस पेपर तिथेच वाचून घ्या. हेल्मेट धुऊ नका, गोणीत बांधून माळ्यावर ठेवा, आधी फोटो काढा. पंचनाम्यात त्याची नोंद आहे का, ते स्वतः पाहा. हेल्मेट नव्हतं तर नव्हतं म्हणा. उलटतपासणीत उघडं पडलेलं खोटं बाकीची खरी साक्षही घेऊन बुडतं.

"गावमा कसाले हेल्मेट?" म्हणणाऱ्यांना आणि मे महिन्यात उपरण्यावर भागवणाऱ्यांना मला एवढंच म्हणायचं आहे : शेताच्या वाटेवरही ट्रॅक्टर असतात. रस्त्याकडेची बिनमार्क्याची टोपी घेऊ नका, आयएसआय मार्क (आयएस ४१५१) बघा. पट्टा लावा.

जागेवर वीस-तीस हजारांत मिटवून कोऱ्या कागदावर सही देऊ नका. मेंदूची सूज दुसऱ्या दिवशीही दिसते.

दाव्याला कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत आहे. तो तुम्ही राहता त्या हद्दीतल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणातही (भरपाईचे दावे चालवणारं न्यायालय) दाखल होतो, अपघात सुरतकडे झाला तरी. ठोकणारा पळून गेला तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजारांची सरकारी योजना आहे. आणि नुसती थर्ड पार्टी पॉलिसी (तुमच्या गाडीने बाहेरच्या माणसाचं नुकसान झालं तर भरून देणारी) असेल तर, चूक तुमचीच असल्यास, तुमच्या मागे बसलेल्या बायकोला त्या पॉलिसीतून काही मिळत नाही. पॉलिसीचा कागद आजच काढून बघा.