ताडपत्री आवळा, डिझेल वाचवा

पिकअपची ताडपत्री ढिली असली की तिच्यात वारा भरतो, ती फुगते आणि गाडीला मागे ओढते. डिझेल जातं ते तिथेच.

माल शक्यतो केबिनच्या उंचीपर्यंतच आणि वरून सपाट लावा. ताडपत्रीची पुढची कड मालाच्या खाली दुमडून दाबा, कारण वारा शिरतो तो इथूनच. मग दोरी हात-हातभर अंतरावर आवळा. थापटून बघा, ढोलासारखी ताणलेली हवी.

रिकामं परतताना ताडपत्री घडी करून सीटमागे ठेवा. टपावरचं कॅरिअर लागत नसेल तर काढूनच टाका.

हायवेला ८० ऐवजी ६० ने चालवलं, तर वाऱ्याचा अडथळा जवळपास निम्म्यावर येतो.

कांदा भरला असेल तर मात्र बाजू उघड्या ठेवा, नाहीतर घाम सुटून माल सडतो.