मर्लिनच्या मॅग्नेटोने घेतलेली परीक्षा

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनला सिलिंडर 12, प्लग 24 आणि प्लगना ठिणगीसाठी वीज देणारे मॅग्नेटो 2. तपासणीत इंजिन फक्त उजव्या मॅग्नेटोवर चालवलं, तर आरपीएम (मिनिटाला फेरे) 200 ने घसरले. मर्यादा 150 ची. आधी इंधनातलं शिसं साचलेले प्लग समजून त्या मॅग्नेटोचे बाराही बदलले. फरक शून्य, वर हात पोळले ते वेगळेच!

मग सुचलं: इंजिन थोडा वेळ त्याच मॅग्नेटोवर चालवून बंद केलं आणि लगेच एक्झॉस्टच्या प्रत्येक तोंडाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिलं. एकच तोंड थंड, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नव्हती. तिथला प्लग शेजाऱ्याशी अदलाबदल केला, तरी थंड तेच. म्हणजे दोष प्लगचा नाही, त्याला वीज नेणाऱ्या वायरचा! क्लॅम्पखाली घासून तिचं इन्सुलेशन फाटलं होतं. नवी वायर टाकली, क्लॅम्प सरकवला. घसरण 60 वर आली.