टर्कीला साद घाला, पण मोजून

आमच्या पेनसिल्व्हेनियात मेच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. टर्की या मोठ्या रानपक्ष्याची शिकार कायद्यानं त्याआधी अर्ध्या तासापासून करता येते. मी मात्र पाचलाच झाडाला टेकून बसलेला असतो.

निम्मं काम आदल्या संध्याकाळीच उरकतं. टर्की झोपायला झाडावर जातात, तेव्हाची फडफड लांबवर ऐकू येते. नराचा रातथारा कळला की पहाटे चाचपडावं लागत नाही. नाहीच कळला, तर उजाडायच्या आत घुबडासारखं घुमा. पुष्कळदा नर फांदीवरूनच 'गळगळगळ' करून उत्तर देतो. त्याच्यापासून शंभर-दीडशे यार्डांवर थांबा, मध्ये ओढा किंवा कुंपण येऊ देऊ नका. त्याहून जवळ गेलात तर तो वरूनच तुम्हाला हेरेल.

झाड खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचं हवं, म्हणजे मागून येणाऱ्या शिकाऱ्यापासून पाठ राखली जाते. लाल, पांढरं, निळं काही घालू नका, अगदी मोजेसुद्धा. नराच्या डोक्यावर हेच रंग असतात. दुसरा माणूस दिसला तर हात हलवू नका, मोठ्यानं बोला.

आता आवाजाचं. बॉक्स कॉल म्हणजे लाकडी पेटी. खडू लावलेलं झाकण तिच्या कडेवर घासलं की मादीची साद निघते. दवानं ओली झाली की ती मुकी होते, म्हणून मी ती ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत ठेवतो. माझा जीव मात्र स्लेटवर, म्हणजे काडीनं घासून आवाज काढायच्या दगडी चकतीवर. शाळेत पाटीवर पेन्सिल करकरली की बाई छडी उगारायच्या. इथे तोच उद्योग करायला मी पैसे मोजले. दगडी चकती काचकागदानं खरखरीत करा, काडी पेनासारखी धरा, टोक न उचलता छोटे गोल फिरवा.

उजाडताना झोपाळलेल्या मादीसारखी तीन-चार हलकी 'याक-याक'. त्यानं ओ दिली? मग गप्प. हेच सगळ्यात अवघड. एरवी नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण त्याला उलटं वागायला लावतोय. पहिल्या वर्षी मी त्याच्या प्रत्येक हाकेला उत्तर देत बसलो. साहेब ऐंशी यार्डांवर पिसारा फुलवून थांबले, बाई येतीलच अशा खात्रीनं. शेवटी खऱ्या माद्या आल्या आणि त्याला घेऊन गेल्या.

तो खाली उतरला की एकदा साद द्या, मग हातानं वाळका पाला उकरा, चरणाऱ्या मादीसारखा, थांबत थांबत. उत्तर आलं नाही तरी जागचे हलू नका. कित्येकदा तो मुकाट्यानं येतो. बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवलेली असू द्या. त्याची नजर फार तिखट. हलायचंच तर त्याचं डोकं झाडाआड जाईल तेव्हाच. छातीवर केसांचा झुपका दिसला पाहिजे, वसंतात इथे तसाच पक्षी मारता येतो. चाळीस यार्डांच्या आत, नेम डोकं-मानेवर. आवाजाच्या मागे दबकत जाऊ नका: या हंगामात ते बेकायदा आहे, आणि तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो.

सात वाजता सगळं शांत झालं की बरेच जण घरी जातात. नऊनंतर माद्या अंड्यांकडे वळतात आणि नर एकटे पडतात. सुरुवातीच्या आठवड्यांत दुपारी बारापर्यंत मुभा असते, म्हणून मी थर्मासमधला चहा पितो आणि परत पाटी घासायला घेतो.