यूकेला जाताय? पेपर स्प्रे घरीच ठेवा

मुलगी शिकायला लंडन, लेस्टर कुठेही निघाली की आई नाहीतर मावशी बॅगेत हमखास एक पेपर स्प्रे टाकते, आपल्याकडे तो दुकानात सहज मिळतो त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण यूकेत हाच स्प्रे १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ खाली येतो म्हणजे कायद्याने तो चक्क बंदी असलेल्या हत्यारांच्या यादीत. नुसता जवळ सापडला तरी गुन्हा, वापरायची पण गरज नाही. जास्तीत जास्त शिक्षा १० वर्षं! टेझरचंही (विजेचा झटका देणारं यंत्र) तेच. आणि "मी परदेशी आहे, मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही, वर व्हिसाचं टेन्शन वेगळंच.

चाकूबद्दल पण सांगते, लॉक न होणारा छोटा फोल्डिंग चाकू, पातं ३ इंचांपर्यंत, एवढाच कारणाशिवाय जवळ ठेवता येतो. आणि सेल्फ डिफेन्स हे कारण तिथे धरतच नाहीत उलट "बचावासाठी ठेवलाय" असं पोलिसांना सांगितलंत तर तेच तुमच्यावर उलटतं, कारण मग तो छोटा चाकूसुद्धा हत्यार ठरू शकतो.

मग काय ठेवायचं? पर्सनल अलार्म. किचेनसारखा असतो, पिन ओढली की कानठळ्या बसतील असा आवाज येतो, पूर्ण कायदेशीर आहे. तोच घेऊन द्या पोरींना प्लीज, आणि ९९९ हा तिथला इमर्जन्सी नंबर पाठ करून घ्या.

जर्मनीत नियम वेगळे आहेत, तिथे प्राण्यांपासून बचावासाठी असं लेबल असलेला स्प्रे विकत मिळतो, पण तो खिशात घेऊन यूकेत उतरू नका.